एकाला तोंडी, बाकीच्यांना लेखी: हा बाकीच्यांवर अन्याय होतो का?

सातवीची गणित शिक्षिका, पूर्व नागपूर
१२ जानेवारी

नमस्कार. पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. वर्गात ४१ लेकरं आहेत. गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते आहे.

परिमिती आणि क्षेत्रफळावर २० गुणांची घटक चाचणी घेतली. तिसरा प्रश्न असा होता: 'एका आयताकृती बागेची लांबी २५ मीटर व रुंदी १८ मीटर आहे. बागेभोवती तारेचे दोन पदरी कुंपण घालण्यासाठी किती मीटर तार लागेल?'

वर्गात टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीचा एक मुलगा आहे. गाव छिंदवाड्याकडचं, घरी हिंदी, आमच्याकडे पाचवीत आला. त्याला २० पैकी ६ मिळाले. तिसरा प्रश्न कोरा. पेपर वाटून झाल्यावर त्याला जवळ घेतलं आणि विचारलं, हा का सोडला? म्हणाला, "मॅडम, ये पदरी क्या होता है?" मी सांगितलं, तार दोन वेळा फिरवायची. त्यानं छताकडं पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाला, "एक सौ बहत्तर."

मला राहवलं नाही. विचारलं, खोलीच्या भिंतीला खाली पट्टी लावायची तर काय मोजशील, आणि फरशी टाकायची तर काय? "स्कर्टिंग रनिंग फुट में, टाइल्स स्क्वेअर फुट में." परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला जो फरक अर्ध्या वर्गाला महिनाभर सांगून समजत नव्हता, तो हा मुलगा बापाच्या कामावरून शिकून आला होता. मग मी सगळा पेपर त्याला तोंडी विचारला. १५ गुण झाले. माझ्या वहीत ६ आणि १५ दोन्ही लिहून ठेवले आहेत.

ही गोष्ट वर्गातून घरोघरी गेली. दुसऱ्या दिवशी एक पालक आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "माझा पोरगा रोज रात्री दहापर्यंत लिहून राहिला, अन् याले तुम्ही तोंडी विचारून पंधरा देता. मग आमच्यानं लिहून काहून घेता?" मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की शाळेत सगळ्यांना एकच पेपर आणि एकच वेळ. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्या पालकांचं मला पूर्ण चूकही वाटत नव्हतं.

आणि प्रश्न एका मुलापुरता नाही. पाचपावलीतून येणारी एक मुलगी शाळेआधी आईला मागासाठी धाग्याच्या कांड्या भरून देते. तोंडी हिशेबात तिचा हात कोणी धरू शकत नाही, पण लिहायला इतकी सावकाश की शेवटचे दोन प्रश्न दर वेळी राहतात. एक मुलगा ३६ चे ६३ करतो, फळ्यावरून उतरवताना तर हमखास. त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. तिघांना मिळून मी 'गणितात कच्चे' असा शेरा देत आले आहे, गेली दोन वर्षं. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे.

मला गुण वाटायचे नाहीत. मला खरं काय येतं ते मोजायचं आहे. चाचणी कशी काढू?

---

निवृत्त अध्यापकाचार्य, धरमपेठ
१२ जानेवारी, रात्री

मॅडम, पहिली गोष्ट. त्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना कागद दाखवा. राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा आहे. त्यात आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाची जी साधनं दिली, त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी यादी आहे. चाचणीतसुद्धा पुस्तकासह चाचणी बसते. सातवीला आकारिकला ४० आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ६० असा भार. म्हणजे तोंडी विचारणं ही तुम्ही केलेली मेहरबानी नाही, ते तुमचं नेमून दिलेलं काम आहे. आपल्या शाळांनी काय केलं, तर सगळ्या साधनांच्या रकान्यांत लेखी चाचणीचेच गुण वाटून भरले. नोंदवह्या पूर्ण झाल्या, मूल्यमापन राहून गेलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ ही वाचा. मुलाला भय आणि चिंतेपासून मुक्त ठेवणं, शक्य तिथे मातृभाषेतून शिकवणं, आणि ज्ञान वापरता येतं का हे पाहणारं मूल्यमापन, हे तिन्ही त्यात आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ३२ वर्षं मी छात्राध्यापकांकडून, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांकडून, संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करून घेतला. उभ्या रकान्यात घटक, आडव्या ओळीत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि चौकोनांत गुण. शेवटची काही वर्षं मी त्यात एक रकाना वाढवला होता: 'या प्रश्नाला आणखी काय काय यावं लागतं?' तुमचा कुंपणाचा प्रश्न घ्या. मोजायचं आहे परिमिती आणि तिची दुप्पट. आणखी काय लागतं? 'दोन पदरी' हा शब्द. 'कुंपण' हा शब्द. आकृती मनात उभी करणं. प्रश्न फळ्यावरून उतरवणं. नीट लिहिणं. तेही घड्याळाकडे पाहत. गणित एक आणि वाटेवर पाच पहारेकरी. उत्तर कोरं आलं तर मूल कुठल्या पहारेकऱ्यापाशी अडलं हे पेपरवरून कळणारच नाही. आमच्या शास्त्रात याला सप्रमाणता म्हणतात: जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं गेलं का. पुस्तकात तो दोन गुणांचा प्रश्न असतो, वर्गात तोच सगळा प्रश्न आहे.

एक जुनी आठवण सांगतो. चौथीच्या सराव पाठात एका छात्राध्यापिकेनं चित्र पाहून नावं लिहायला दिली होती. कोथिंबिरीच्या जुडीखाली वर्गातल्या बहुतेकांनी 'सांबार' लिहिलं. ती बाहेरच्या जिल्ह्यातली, तिनं सरसकट चुकीची खूण केली. तिच्या गावी सांबार इडलीसोबत खातात. मी तिला विचारलं, बाई, तुला वनस्पती ओळखता येते का ते पाहायचं होतं, की प्रमाण शब्द येतो का ते? पहिलं असेल तर पूर्ण गुण दे. दुसरं असेल तर आधी शिकव की आपण ज्याला सांबार म्हणतो त्याला पुस्तकात कोथिंबीर म्हणतात, मग विचार. न शिकवता विचारलं तर तू त्या लेकरांचं घर तपासते आहेस.

---

विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण
१३ जानेवारी

सरांनी लिहिलेलं पटलं. मी फक्त कामाचं सांगते.

वाट बदलणं आणि उंची कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न वाचून दाखवणं, जास्त वेळ, मोठी अक्षरं, तोंडी उत्तर, चौकटीचा कागद यांत प्रश्न तोच राहतो, वाट बदलते. सोपी उदाहरणं देणं, अर्धा पेपर काढून टाकणं यांत उंचीच कमी होते. पालकांशी बोलताना हा फरक ठामपणे सांगा, कारण त्यांची भीती दुसऱ्या प्रकाराची असते.

पण वाट कुठली बदलायची हे काय मोजता त्यावर ठरतं. गणितात प्रश्न वाचून दाखवा, काही बिघडत नाही. मराठीच्या वाचन चाचणीत उतारा वाचून दाखवला तर चाचणीच उरत नाही. हे मी बजावून सांगते कारण चांगल्या मनाचे शिक्षक इथेच चुकतात.

तोंडी घेताना शब्द तेच ठेवा. "अरे, परिमिती आठव ना" असं म्हटलं की संपलं. मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, हिंदीत असेल तर हिंदीत. नंतर कोणी विचारलं तर तो कागद तुमच्याकडे हवा. तुम्ही १५ लिहून ठेवले, पण त्यानं काय सांगितलं ते लिहिलं का?

प्रमाणपत्राबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, त्यांत येते. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल, जास्तीचा वेळ, लेखनिक हे आहे. दहावीला बोर्डाची सवलत घ्यायची तर प्रमाणपत्र लागेलच, म्हणून ती वाट आतापासून धरा, नववीत धावपळ होते. पण सातवीच्या घटक चाचणीत १० मिनिटं जास्त द्यायला कुठल्याही कागदाची गरज नाही. आणि ३६ चे ६३ करतो म्हणून लगेच नाव देऊ नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. 'फळ्यावरून उतरवताना हमखास' हे तुम्हीच लिहिलं आहे. तो कुठल्या बाकावर बसतो?

---

आठवीतल्या मुलीची आई, नंदनवन
१३ जानेवारी

तुमच्याकडे आलेल्या पालकांच्या बाजूनं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

माझी मुलगी अभ्यासात चांगली आहे. तिच्या वर्गात मागच्या वर्षी काही मुलांना वर्गाबाहेर बोलावून तोंडी विचारलं. आत बसलेल्यांना का ते कोणी सांगितलं नाही. मुलं आपापसांत बोलली की त्यांना मॅडमनी उत्तरं सांगितली. जी मुलं बाहेर गेली त्यांना नंतर चिडवलं सुद्धा. माझ्या मुलीनं घरी येऊन विचारलं, "आई, मला कोणीच काहून नाही विचारलं? मलाही सांगता येतं." तिला गुणांचं दुःख नव्हतं. मॅडम आपल्याशी बोलल्या नाहीत याचं होतं.

तुमचा हेतू चांगला आहे हे वाचताना कळतं. पण जे काही कराल ते दार बंद करून करू नका. आणि टाइल्सचा प्रश्न घातला तर मिस्त्रीच्या मुलाला सोपा जाईल, मागाचा घातला तर विणकरांच्या मुलीला. मग दुकानदाराच्या मुलीचं काय, ड्रायव्हरच्या मुलाचं काय? हे पण न्यायाचंच आहे ना?

---

सातवीची गणित शिक्षिका
१३ जानेवारी, रात्री

ताई, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. मी नेमकं तेच केलं होतं. त्याला एकट्याला बोलावलं, बाकीच्या ४० जणांना काही सांगितलं नाही. तोंडी विचारायचं तर सगळ्यांनाच विचारायला हवं, हे तुमच्या मुलीच्या वाक्यानं माझ्या लक्षात आलं. तिला माझा नमस्कार सांगा.

पण ४१ जणांना पाच-पाच मिनिटं म्हटलं तरी २०५ मिनिटं होतात. तास ३५ मिनिटांचा. कोणी मोठ्या वर्गात हे करून पाहिलं आहे का?

विशेष शिक्षिका मॅडम, तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. आणि नाही, मिस्त्रीच्या मुलाची उत्तरं मी लिहून घेतली नव्हती.

---

जिल्हा परिषद शिक्षक, रामटेक तालुका
१४ जानेवारी

मॅडम, आमची शाळा देवलापारच्या जंगलपट्ट्यातली, द्विशिक्षकी. माझ्याकडे तीन वर्ग एका खोलीत. घरी गोंडी बोलणारी लेकरं आहेत. एका दिवशी सगळ्यांचं तोंडी होत नाही हे खरं, पण एका दिवशी करायचंच काहून? बाकीचे स्वाध्याय सोडवत असताना रोज चार जण टेबलाजवळ. तुमचे ४१ अकरा दिवसांत होतात. प्रश्न फुटतो ही भीती असेल तर आकडे बदलत जा, प्रश्नाचा सांगाडा तोच.

पेपर तपासण्याचं एक सांगतो, हे माझं मी शिकलो. मी आधी एक पेपर पूर्ण तपासून मग दुसरा घ्यायचो. हुशार पोराचा पहिला प्रश्न बरोबर दिसला की पुढच्या चुका मी नकळत माफ करायचो. कच्च्या पोराचं उलट. आता पहिल्या पानाची घडी मागे घालतो, नाव दिसत नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग गठ्ठा खालीवर करून सगळ्यांचा दुसरा. रीतीला किती, उत्तराला किती, एककाला किती, हे पेपर हातात घेण्याआधी लिहून ठेवतो. अक्षर ओळखू येतं म्हणा, पण फरक पडतो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एका पोरीचे चार गुण वाढले होते. ती गोंडी बोलणारी होती अन् दोन वर्षांत वर्गात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

---

निवृत्त अध्यापकाचार्य, धरमपेठ
१४ जानेवारी

नंदनवनच्या ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. स्थानिक संदर्भ घालायचे, पण वर्षभरात फिरते ठेवायचे, आणि एकाच चाचणीत सगळे प्रश्न एकाच घरातले नकोत. शंका असेल तिथे साधं मैदान, साधी दोरी, सोबत आकृती. सगळ्यांना सारखंच जवळचं किंवा सारखंच दूरचं.

---

सातवीची गणित शिक्षिका
९ फेब्रुवारी

काय केलं ते सांगायला आले.

मुख्याध्यापकांना शासन निर्णय छापून दिला. त्यांनी तो वाचला आणि घटक चाचणीपुरतं करून पाहा म्हणाले. संकलितला मात्र वेळ आणि पेपर एकच राहणार. मी ते मान्य केलं.

नवी चाचणी पुन्हा २० गुणांचीच. १२ गुण सगळ्यांनी लिहायचे. उरलेले ८ गुण 'लिहा किंवा येऊन सांगा'. निवड मुलांची, आणि हे चाचणीआधीच वर्गात सगळ्यांना सांगितलं. गुणदान योजना वर्गाच्या दारावर लावली. माझ्याकडे आलेले पालक पुन्हा आले होते, त्यांनी तिचा फोटो काढून घेतला. अजून त्यांना पूर्ण पटलेलं नाही. वाद घालायला मात्र आता आमच्या दोघांसमोर एकच कागद आहे.

कुंपणाचा प्रश्न असा बदलला: 'मैदानाची लांबी २२ मीटर आणि रुंदी १५ मीटर आहे. चारही बाजूंनी तार दोन वेळा फिरवायची आहे. एकूण किती मीटर तार लागेल?' शेजारी आयत काढला. प्रश्न फळ्यावर न लिहिता प्रत्येकाला छापून दिले, दर पानाला चार प्रती बसवल्या म्हणजे झेरॉक्सचा खर्च फार होत नाही.

जुन्या चाचणीत हा प्रश्न १७ जणांनी कोरा सोडला होता. या वेळी कोरा सोडणारे ४. बरोबर उत्तरं १५ वरून २६ झाली. पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते उरलेले ११. त्यांतल्या ८ जणांनी ६६० लिहिलं. म्हणजे २२ गुणिले १५, आणि त्याची दुप्पट. परिमितीच्या जागी क्षेत्रफळ. ही मुलं आधी कोऱ्या जागेत लपली होती, मला वाटायचं त्यांनी प्रयत्नच केला नाही. आता कोणाला काय शिकवायचं राहिलं ते मला नावानिशी माहीत आहे. या आठ जणांना मी मिस्त्रीच्या मुलासोबत वर्ग मोजायला लावला, आधी भिंतीची कड दोरीनं, मग फरशा मोजून. शिकवणारा तो होता. दोन दिवस गेले त्यात, पण ते दिवस वाया गेले असं मला वाटत नाही.

सांगण्याचा पर्याय १३ जणांनी घेतला. त्यांत मिस्त्रीचा मुलगा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इस बार मैं लिखूँगा." त्याला लिहून ११ मिळाले. एककं चुकली, एका ठिकाणी चौरस राहून गेलं, ते गुण मी कापले. तक्रार करणाऱ्या पालकांच्या मुलानं तोंडी निवडलं. उत्तर झटकन दिलं, पण दोन्ही बाजूंना दोननं का गुणलं विचारल्यावर थांबला. "सूत्र तसंच आहे," म्हणाला. त्याला एवढा सराव असून हे आत उतरलं नव्हतं, आणि त्याच्या लेखी पेपरवरून मला ते कधीच दिसलं नसतं. त्याच्याशी आता रोज थोडं बोलते आहे. उलट एक मुलगी माझ्यासमोर येऊन रडवेली झाली, तोंडातून शब्द निघेना. तिला म्हटलं, बस आणि लिही. छान लिहिलं तिनं. तोंडी म्हणजे सगळ्यांना सोपं, हा माझा समज होता, तो गेला.

रामटेकच्या सरांसारखी नावं झाकून तपासलं. तीन पेपरांत मी जे गुण दिले ते नाव पाहून दिले नसते, दोघांना जास्त आणि एकाला कमी. हे स्वतःशी कबूल करायला जड गेलं.

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला पुढे बसवलं आणि आईला सांगून डोळे तपासून घेतले. उजव्या डोळ्याला नंबर निघाला. छापील प्रश्नावर त्यानं आकडे फक्त एकदा उलटे केले. चष्म्यानंतरही राहिलं तर पुढची तपासणी करायची असं आईशी ठरलं आहे.

कांड्या भरणाऱ्या मुलीचं मात्र सुटलेलं नाही. १० मिनिटं जास्त दिली, सगळ्या वर्गालाच दिली, तरी तिचा शेवटचा प्रश्न राहिला. बोटं दुखतात म्हणाली, पहाटेच्या कामानं. जे लिहिलं ते सगळं बरोबर होतं. एप्रिलच्या संकलितला तिला कोणी जास्त वेळ देणार नाही. प्रश्न सोडवण्याचा क्रम बदलून, जास्त गुणांचे आधी, असं तिच्याकडून करून घेते आहे. कोणी सावकाश लिहिणाऱ्या मुलांसोबत दुसरं काही करून पाहिलं असेल तर सांगा, आठवडे कमी उरले आहेत.